कपाटामागची भिंत

सुरमी : बास कर ते ठोकणं, लायकराम. भिंत आहे ती, कलिंगड नाही.

लायकराम : कलिंगड परवडलं, भाभी. कापलं की आतलं दिसतं. या सिमेंटाखाली काय चाललंय ते मला कानानंच बघावं लागतं.

सुरमी : मग कान जास्त चालव, हातोडी कमी. सकाळपासून तीन खोल्या वाजवून झाल्या तुझ्या. माझं डोकं उठलं.

कमलेश : अम्मा, करू दे ना त्यांना काम. चाचा, ही शेवटची खोली. अम्मा-पिताजींची. दुपारी कमिटीचा इंजिनियर येईल, त्याच्या हातात कागद द्यायचा आहे.

सुरमी : येऊ दे की. चहा पाजू. लायकराम लिहील, घर उभं राहील, डागडुजी करून घेतो, खाली सही. झालं! त्या पोराला काय कळतंय? कॉलेजात काँक्रीट शिकून आलाय. स्वतःच म्हणाला, धज्जीची, लाकूड-मातीची भिंत जाणणारा जुना मिस्त्री जामीन राहिला तर मी पाडायचा शेरा मारत नाही. म्हणाला की नाही?

लायकराम : म्हणाला खरं.

सुरमी : मग असं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?

लायकराम : तिन्ही खोल्यांत लाकूड बोलत नाही, भाभी.

सुरमी : लाकूड बोलत नाही म्हणे! तुझी बायको तरी बोलते का तुझ्याशी?

लायकराम : ती फार बोलते, म्हणून तर दिवसभर लोकांच्या भिंतींपाशी असतो. पण थट्टा नाही. धड देवदारावर हातोडी पडली की टण्ण वाजतं. इथं भद् वाजतंय. उशीवर मारल्यासारखं.

कमलेश : म्हणजे आतून कुजलंय?

सुरमी : तू मध्ये बोलू नकोस, पोरी. तुला मला सोलनच्या फ्लॅटमध्ये न्यायची घाई झाली आहे. तिसऱ्या मजल्यावरची काड्यापेटी ती. खिडकी उघडली की समोरच्याची चड्डी वाळत घातलेली.

कमलेश : घाई नाही, अम्मा. भीती वाटते. आषाढापासून पाऊस लागला की मी वर्गात शिकवताना फोन टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवते. मुलं विचारतात, मॅडम, कोणाचा फोन यायचाय? काय सांगू त्यांना?

सुरमी : सांग, माझी आई बैरली कोठीत राहते. साहेबानं बंगल्याचा नकाशा काढला, पण उभी केली ती तुझ्या पणजोबानं. मेमसाहेब जाताना ती तुझ्या आजोबांच्या नावावर करून गेली. ज्यांच्या हातची, त्यांच्याकडेच आली. एकोणीसशे पाच सालच्या भूकंपात सगळी टेकडी पाळण्यासारखी हलली म्हणतात. या घराची एक काच तडकली. तीही मेमसाहेबाच्या कुत्र्यानं उडी मारली म्हणून.

लायकराम : ती भिंत हलली म्हणूनच वाचली, भाभी. देवदाराच्या चौकटी, मधे दगड, वरून माती. धक्का आला की कुरकुरायची, जरा झुकायची, परत जागेवर यायची. पावसात भिजायची, उन्हात वाळायची. आता तिला सिमेंटचं चिलखत घातलंय.

सुरमी : मग बरंच की. चिलखत घातलेला माणूस जास्त टिकतो.

लायकराम : त्या माणसाला चिलखतासकट अकरा पावसाळे भिजत ठेवून बघा. आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?

कमलेश : अकरा वर्षं. माझ्या लग्नासाठीच केलं होतं ना हे सगळं?

सुरमी : मग काय करायचं होतं? अंबाल्याहून वरात येणार. कोणी भिंतीला पाठ टेकवली की कोटाला माती. मिस्त्रीची मुलगी, घर बघा मातीचं, असं म्हणायला मी त्यांना जागा ठेवणार होते? तुझे पिताजी रामपूरकडे देवळाच्या छपरावर बसलेले. दोन महिने घरी नाहीत. पंधरा दिवसांत मी आतून-बाहेरून गुळगुळीत करून घेतलं. वर गुलाबी रंग. सगळी गल्ली बघायला आली होती.

कमलेश : अम्मा, वरातीतल्या कोणीही भिंतीकडे पाहिलं नाही.

सुरमी : नाही कसं?

कमलेश : मार्गशीर्ष होता. सगळे शेकोटीला चिकटून बसले होते. सासऱ्यांचे दात वाजत होते. मामेसासरे एवढंच विचारत होते, इथं गाडी दारापर्यंत का येत नाही?

सुरमी : हे आज सांगतेस होय?

कमलेश : तू कधी विचारलंस?

लायकराम : भाभी, उस्ताद रामपूरहून आले तेव्हा काय म्हणाले होते?

सुरमी : तुझे उस्ताद काय म्हणणार? आयुष्यभर दगडाशी बोलले, माणसांशी कमीच. भिंतीवर हात ठेवून उभे राहिले, कितीतरी वेळ. मी म्हटलं, बघताय काय असे? तुमच्या मातीत मला लेक उजवायची नव्हती. तर म्हणाले, छान दिसतंय. बास! ते छान म्हणाले, विषय संपला.

लायकराम : हं.

सुरमी : हं काय?

लायकराम : काही नाही. हे कपाट सरकवावं लागेल.

सुरमी : कपाटाला हात लावायचा नाही.

कमलेश : अम्मा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुरमी : दोन मिनिटांचं नाही की अर्ध्या मिनिटाचं नाही. ते त्यांनी ठेवलंय. जिवंतपणी या सामानावरून मी त्यांना काय काय बोलले! एखादी कोठी रिकामी झाली की लिलावातून एक धूड उचलून आणायचे. हे कपाट. तो आरसा, ज्यात तोंड दिसत नाही. बारशिंग्याचं मुंडकं. तो दात पडलेला पियानो. मी म्हणायचे, साहेब गेले विलायतेला आणि त्यांची अडगळ माझ्या उरावर. नुसते हसायचे. घरात चालायला वाट उरली नाही. गेल्या माघात ते गेले, तेव्हापासून मी एक वस्तू हलवली नाही. धूळसुद्धा पुढूनच पुसते.

लायकराम : भाभी, नाही सरकवलं तर मी कागदावर काहीच लिहू शकत नाही. ना उभं राहील, ना पडेल.

सुरमी : उचलून ठेवा. फरफटत न्यायचं नाही. त्याचे पाय नाजूक आहेत.

(लायकराम आणि कमलेश कपाट उचलून बाजूला ठेवतात.)

कमलेश : हे काय? इथं सिमेंट नाहीच!

सुरमी : उंदरांनी पाडलं असेल.

कमलेश : उंदीर असं ओळंब्यात पाडतात? बरोब्बर कपाटाएवढं आहे, अम्मा. लाकूड उघडं केलंय, मधे मातीचा गिलावा. हातानं लिंपलेला. हे बघ, पंजा उमटलाय.

सुरमी : सरक जरा. चष्मा दे माझा. तो नाही, जवळचा.

कमलेश : हा घे.

सुरमी : मधलं बोट अर्धं आहे.

लायकराम : करवतीत गेलं होतं ते, भाभी. नारकंड्याच्या कामावर—

सुरमी : मला सांगू नकोस कशात गेलं ते. त्या बोटाला महिनाभर मी हळद बांधली आहे.

कमलेश : चाचा, तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही.

लायकराम : आधी हातोडी घे, बेटी. त्या उघड्या लाकडावर मार. जोरात नको.

कमलेश : टण्ण वाजलं.

लायकराम : तेच मघापासून शोधत होतो.

सुरमी : कधी केलं त्यांनी हे?

लायकराम : जेठ महिन्यात. तुम्ही माहेरी देवतेच्या जत्रेला जायचात, ते आठ दिवस.

सुरमी : गुडघे दुखतात म्हणून मागे राहायचे.

लायकराम : गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तुमची बस सुटली की मला निरोप यायचा. एका जेठात एक जागा. सिमेंट छिन्नीनं हळूहळू उतरवायचं, लाकूड वाऱ्याला लावायचं. सातव्या दिवशी माती लिंपायची. आठव्या दिवशी वर धूड उभं करायचं. तुम्ही यायच्या आत खोली झाडून ठेवायची.

कमलेश : म्हणजे हे सगळं सामान...

लायकराम : झाकायला, बेटी. पियानो आम्ही आठ जणांनी चढावरून आणला. उस्तादांना वाजवता येत नव्हता, मला तर त्याचं झाकणही उघडेना. त्याची पाठ रुंद होती, एवढ्यासाठी घेतला.

सुरमी : त्या पियानोवरून मी दोन दिवस जेवायला वाढलं नव्हतं त्यांना.

लायकराम : माहीत आहे. माझ्याकडे जेवले. आमच्या घरी वाफवलेले सिड्डू होते, सारण भरून. खाऊन झाल्यावर म्हणाले, सुरमी अक्रोडाचं सारण भरते तसं कोणाला जमत नाही. माझ्या बायकोनं अजून ते विसरलेलं नाही.

सुरमी : उपाशी राहिले, पण मला सांगितलं नाही. मी काय वाघ आहे? कमलेश, मी वाघ आहे?

कमलेश : तो चष्मा दे इकडे, पुसून देते.

सुरमी : बोल ना. शाळेत तर घसा कोरडा होईस्तो बोलतेस.

कमलेश : अम्मा, मलाही तुला काही सांगायचं असलं की मी आधी दोन दिवस वाक्यं जुळवते.

सुरमी : बरं. कळलं.

लायकराम : मी म्हटलं होतं त्यांना, भाभी. एकदा सांगून टाका, एका उन्हाळ्यात सगळं उतरवू. तर म्हणाले, तिनं लेकीसाठी घर नटवलंय रे. मी छिन्नी लावली तर एकेका घावाला तिला तिची चूक ऐकू येईल. भिंतीचं मी बघतो.

सुरमी : मग पुरतं तरी बघायचं होतं.

लायकराम : नऊ उन्हाळे बघितलं. लपूनछपून किती होणार? जिथं सामान मावलं, तेवढं लाकूड वाचलं. बाकीचं गेलं.

सुरमी : लायकराम, माझ्याकडे बघ. तेव्हाच मला कळलं असतं आणि सगळं सिमेंट उतरवलं असतं, तर हे घर राहिलं असतं?

लायकराम : पाऊसही यंदा फार झाला, भाभी. वरच्या नव्या इमारतींचं पाणी सगळं आपल्याच अंगावर—

सुरमी : पावसाचं विचारलं नाही मी. खोटं ऐकायला तुला चहा पाजला नाही.

कमलेश : अम्मा, कशाला आता...

सुरमी : त्याला बोलू दे.

लायकराम : राहिलं असतं. तुमच्या-माझ्यानंतरही राहिलं असतं.

सुरमी : हं.

कमलेश : पाणी देऊ, अम्मा? बस इथं. अम्मा?

सुरमी : उभीच बरी आहे मी.

लायकराम : भाभी, तुम्ही म्हणत असाल तर मी सही करतो. दोन टेकू लावू. एखादा हिवाळा निघेल. तेवढ्यात तुमच्या मनाची तयारी होईल.

सुरमी : आणि बर्फाच्या वजनानं बसलं खाली, तर? या पोरीला काय सांगशील? आणि वर गेल्यावर त्यांना काय सांगशील, उस्ताद, तुमच्या हाताखाली शिकलो आणि खोटी सही करून आलो? गप बस. कागद काढ, कमलेश. लिही.

कमलेश : काय लिहू?

सुरमी : घर राहण्यासारखं नाही. उतरवायचं. तू लिही, तो सही करेल, मी अंगठा... नको, मीही सही करेन. सही येते मला. आणि यंत्र लावायचं नाही. यंत्रानं ओरबाडू द्यायची नाही मी. माणसांनी कोठी हातानं उतरवायची. जे लाकूड टण्ण वाजतं ते वेगळं काढा. ज्याला कुठं मातीची भिंत बांधायची असेल त्याला देऊन टाक, लायकराम. माझं नाव सांगू नकोस. त्यांचं सांग.

लायकराम : सांगेन.

कमलेश : अम्मा, सोलनला यायचं म्हणजे तुला... आपण दुसरी जागा बघू. तळमजल्यावरची.

सुरमी : बघू मग. लायकराम, त्यांनी उघडायचं ठरवलेलं सगळं झालं होतं का?

लायकराम : झालं म्हणायचं.

सुरमी : म्हणायचं म्हणजे?

लायकराम : एक जागा राहिली. तुमच्या पलंगाच्या उशाची. ती गेल्या वर्षीच्या जेठात करायची होती.

सुरमी : गेल्या वर्षी मी जत्रेला गेलेच नाही. त्यांचा खोकला बघून राहिले.

लायकराम : तुम्हाला जा म्हणाले होते ना ते? मला म्हणत होते, दोनदा सांगून बघितलं.

सुरमी : चारदा. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी भांडले. म्हटलं, इतकी नकोशी झाले का मी? माझ्याशिवाय एवढं काय करायचंय तुम्हाला या घरात? तर म्हणाले, बरं, नको जाऊस. आणि कुशीवर वळले. भिंतीकडे तोंड करून.

कमलेश : अम्मा, रडायचं तर रड ना गं.

सुरमी : पलंगाचं ते टोक धर.

कमलेश : आता? अगं, घरच उतरवायचं ठरलं. आता तिथलं सिमेंट काढून काय...

सुरमी : धर म्हटलं ना. हां, असा. भिंतीपासून हातभर लांब. लायकराम, पिशवीत छिन्नी आहे?

लायकराम : आहे. तुम्ही व्हा बाजूला, मी करतो.

सुरमी : तुझी कामं तू नंतर कर. हे त्यांचं माझ्यापायी राहिलंय.

लायकराम : भाभी, हाताला लागेल तुमच्या.

सुरमी : लागू दे. चाळीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढली आणि एकदा विचारलं नाही. कोणत्या हातात धरतात रे छिन्नी?