लुपिताची टोपली

सेल्स गावच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या इमेल्डाच्या कानावर शेजारच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं येत होतं.

“ताई, लुपिताची अर्धी राहिलेली टोपली पुरी केलीस?”

“केली. मग माझे टाके उसवले.”

“अगं, का?”

“लेकीचा हात घट्ट, माझा सैल. बोट फिरवलं की कळायचं, इथं ती गेली.”

“मग दे, मी विणते.”

“तू? तुझ्या टोपलीतून भोपळेसुद्धा गळतात, बेनिता.”

“हस बाई. निदान तिनं चिरून ठेवलेलं मोहो गवत तरी वापर. पोरीला जाऊन वर्ष झालं, कडक झालं असेल.”

“नाही. रोज ओलं करते.”

“विणायचं नाही, मग ओलं कशाला?”

“ओलं झालं की त्याला वास सुटतो. तिच्या हाताला यायचा, तसा.”