रविवारचे कपडे

घरच्यांच्या नकळत व्हर्नीस अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका इस्पितळात, तातडीच्या विभागात येऊन बसली होती. दुखत काहीच नव्हतं, पण कित्येक दिवसांत ती अंथरुणातून धड उठली नव्हती. मागच्या बाकावर तिच्यासारख्याच दोघी काळ्या बहिणी बसल्या होत्या. मंगळवारी दुपारी चर्चला निघाल्यासारख्या नटूनथटून.

“टोपी सरळ कर, जुनेटा.”

“ताई, मला केस विंचरायचंही बळ नाही गं.”

“म्हणून तर मी विंचरून दिले. गबाळी दिसलीस, तर काळी बाई नशेतच असणार असं धरून चालतील. नोंदणीच्या खिडकीवर काय सांगायचं?”

“छातीत दुखतंय.”

“शाबास.”

“पण दुखत नाहीये. मला जगावंसंच वाटत नाही. एकदा खरं सांगू दे ना.”

“हळू बोल! आपल्या भावानं, कर्टिसनं, इथंच खरं सांगितलं होतं. डॉक्टरांच्या आधी पोलीस आले, बेड्या घालून नेलं त्याला.”

“आपल्या शेजारच्या गोऱ्या बाईनं इथं हेच सांगितलं, तर तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.”

“तू ती आहेस का? ऊठ, तुझं नाव पुकारलं.”

बऱ्याच वेळानं धाकटी तपासणी करून बाहेर आली.

“नीट बोलले ना?”

“हो. टोपीचं कौतुकही केलं.”

“बघ! आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“हृदय ठणठणीत आहे. शंभर वर्षं जगाल म्हणाले.”

“मग रडतेस कशाला, वेडे? चल घरी.”

दोघी गेल्या. व्हर्नीसचं नाव पुकारलं गेलं. स्वेटरवरचा डाग हातानं झाकत ती खिडकीशी गेली.

“काय होतंय?”

“छातीत दुखतंय.”