बेचाळिसावं बिरुद

श्रोतेहो, आधी उत्तर द्या — ज्याचं अन्न खावं, त्याची स्तुती करावी की त्याला सत्य सांगावं? नुसत्या माना हलवू नका. त्या दोन्हीकडे हलतात! आजच्या पत्रिकेत माझ्या नावामागे सात विशेषणं छापली आहेत. एकही मी मिळवलेलं नाही! म्हणून हे आख्यान.

वेत्रपूरचा राजा रणभद्र. बिरुदं एक्केचाळीस! — दारात पाहुणा उभा राहिला, तर भाटाचं आटपेपर्यंत बिचाऱ्याला भूक लागे! त्या राज्याची रीत अशी, की राजकवीनं युद्ध डोळ्यांनी पाहावं, प्रशस्ती रचावी आणि शिलालेखाच्या शेवटी साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव कोरवावं.

नदीच्या उतारावर लढाई झाली. बाणांचा वर्षाव होताच राजानं हत्ती मागं वळवला. सैन्य मात्र हटलं नाही, विजय झाला. आणि राजाला बेचाळिसावं बिरुद हवंसं वाटलं — ‘रणात पाठ न दाखवणारा’!

राजकवी पद्मशर्मा म्हणाला, “महाराज, मी तिथं होतो.”

“हत्ती बिथरला होता, कविराज!”

“हत्तीची पाठ दिसली, महाराज, तेव्हा वर बसलेल्याचीही दिसलीच.”

प्रधान नागदत्त कडाडला, “जिभेवर राजाचं मीठ आहे, विसरू नका! हीच जीभ छाटता येते!”

“मीठ आहे, प्रधानजी — म्हणून तर ती अजून सडली नाही!”

वा! काय हा पुरुष! पुढं तो शांतपणे म्हणाला, “शिळेवर तेवढी जागा मोकळी ठेवा. महाराजांनी मिळवलं, तर मी कोरवीन. आज कोरायचं असेल, तर साक्षीदार दुसरा शोधा.”

राजानं खाली पाहिलं... “जागा मोकळी ठेवा,” तो म्हणाला. श्रोतेहो, ऐकणाराही थोर असावा लागतो!

तीन वर्षांनी शत्रू त्याच उतारावर आला. या वेळी राजा हत्तीवरून उतरला! कमरभर पाण्यात पायी उभा राहिला. शत्रू मागं फिरला; जखमी राजाला सैनिकांनी पालखीतून आणलं. पद्मशर्म्यानं जखमा पाहिल्या — नऊ. साऱ्या छातीवर! डोळे पुसत त्यानं पाथरवटाला हाक मारली.

“नको, कविराज,” राजा हसला. “त्या मोकळ्या जागेनंच मला पाण्यात उभं केलं. ती तशीच राहू दे.”

आता चौकातले आपले फलक आठवा. कार्यसम्राट! लोकनायक! — एक बोटभर तरी जागा मोकळी आहे? आणि साक्षीदार कोण? तुम्हीच ना, टाळ्या वाजवणारे!

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. पत्रिकेतल्या माझ्या सातही विशेषणांवर शाई फिरवा. मलाही अजून पाण्यात उतरायचं आहे!