आभाराच्या मेलचं उत्तर

सकाळी बंगळुरात बेळ्ळंदूरला बस अडकली. माझ्या पुढच्या सीटवर ऑफिसला निघालेले बहीणभाऊ बसले होते.

"अक्का, मोबाइलमध्ये एवढं काय बघतेयस?"

"गिरी, ऑफिसच्या सॉफ्टवेअरला मीच नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये 'थँक्स' असलं की ती तक्रार नाही. माझ्या नावानं ठरलेलं उत्तर पाठवायचं आणि मेल बंद करायची."

"सरी, बरोबरच आहे की मग. आभाराच्या मेल कोण वाचत बसणार?"

"ही वाच. रात्री एका बाईंची आलेली."

"'गीझर लावला की नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. वापरला तर चालेल का, ते कळवा. थँक्स.' अय्यो. आणि हिला उत्तर गेलं?"

"लगेच गेलं. 'वाचून आनंद झाला. आमचा गीझर असाच वापरत राहा. संहिता.'"

"मेलखाली नंबर आहे, फोन लाव."

"मघापासून लावतेय. कुणी उचलत नाही."

"कामात असतील. स्वल्प थांब."

"थांब, उचलला. हॅलो, गीझरच्या कंपनीतून बोलतेय. रात्री मेल पाठवलेल्या बाई आहेत का?"

"काय म्हणतात?"

"त्यांच्या सासूबाई आहेत. सून आंघोळीला गेलीय म्हणाल्या. कंपनीचं उत्तर आलं, आता भीती नाही, असं सांगून गेली."

"मेन स्विच बंद करायला सांग त्यांना."

"सांगितलं. फोन तसाच चालू ठेवून धावल्या. दार वाजवतायत."

"मग? ती काही बोलते का?"

"नाही रे. नुसता पाण्याचा आवाज येतोय."