सव्वीसचा आकडा

नाही नाही, चपला राहू द्या पायात, आधी इकडे या — टाकी ही इथे. फोनवर मी पाच मासे म्हटलं ना, आता तीनच हलतायत. एंजल आहेत, तुमच्याच दुकानातून ह्यांनी आणलेले. हात घालून बघा, बाळाच्या आंघोळीला काढतो तेवढं पाणी तापलंय. दादा, हे तीन वाचवा आणि अगदी असलेच दोन आणून सोडा. हे काल कंपनीच्या कामाने पुण्याला गेलेत, आज चारला येतायत. चारच्या आत मला पाच दिसले पाहिजेत.

हा लॅपटॉप होय? ह्यांनीच बसवलाय. जुना होता, टाकीखाली लावला, सगळ्या वायरी त्यालाच. दिवा तोच लावतो, खाणं तोच टाकतो, पाणी गार झालं की हीटरही तोच चालू करतो. आणि सगळं ह्यांच्या मोबाइलवर दिसतं — सिन्नरला कंपनीत बसूनसुद्धा. पाणी सव्वीस डिग्री पाहिजे. पंचवीस झालं की मला फोन — खिडकी का उघडी, कोण आलंय? आता पाण्याच्या आकड्यावरून घरात कोण आलंय ते कसं कळतं हो? पण ह्यांना कळतं.

झालं काय म्हणताय... सांगते, पण कोणाला बोलू नका. काल समोरच्या छायाताईंच्या नातवाचं बोरन्हाण होतं. त्यांच्याकडे फरश्यांचं काम काढलंय, म्हणाल्या, मंजुषा, तुझ्या हॉलमध्ये करू का? मी हो म्हटलं. ह्यांना विचारून? — नाही, न विचारताच. एकदा तरी घरात चार बायका बसाव्यात, हसाव्यात असं वाटलं मला. बाळाला पाटावर बसवलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला, आणि पोरं तुटून पडली गोळा करायला — त्या धुडगुसात कोणीतरी टाकीचं झाकण ढकललं, मूठभर हलवा आत! साखरच ती, लागली विरघळायला. बायका गेल्यावर मी अर्धं पाणी काढलं, नळाचं भरलं — आणि मग लक्षात आलं, संक्रांतीच्या दिवसातलं गार पाणी, आकडा खाली येणार, फोन येणार. मग मी तो पाणी किती गरम ते मोजणारा सेन्सर काढला — ही काळी वायर बघा — आणि गडूत कोमट पाणी घेऊन त्यात सोडला. स्क्रीनकडे बघून बघून गार-गरम मिसळत गेले. सव्वीस! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. तासाभराने परत टाकीत घालू म्हटलं — आणि मग झाडलोट, भांडी, आरोहीचा अभ्यास — राहिला तो गडूतच.

हो, गडू गार झाला असणार, खिडकीतच होता. मग? — अगं बाई. त्याने गडूलाच टाकी धरलं? गडू गार, म्हणून हा रात्रभर टाकी तापवत बसला? म्हणजे मीच मारले. मीच.

हे मला मारतात का, म्हणताय? नाही हो, तसलं काही नाही, आवाजसुद्धा चढवत नाहीत कधी. मागच्या वर्षी एक मासा मेला, तर तो बशीत घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला. जेव, म्हणाले. मी जेवले. आरोही समोरच बसलेली, नऊ वर्षांची पोर, तिनेही मुकाट्याने ताट संपवलं — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? मला भीती वाटते हो, दादा. फार भीती वाटते.

काय वाचताय त्या लॅपटॉपवर? नोंद? सगळ्याची नोंद राहते? मग पुसा की ती — का? पुसून उपयोग का नाही? सकाळी सात दहाला हीटर बंद केला... मोबाइलवरून. मी नाही केला. माझ्या मोबाइलमध्ये ते नाहीच.

म्हणजे ह्यांना कळलंय. सातपासून. हीटर रात्रभर चालू आणि आकडा मात्र उतरतोय, म्हणजे सेन्सर टाकीत नाही — तिथे बसून ओळखलं त्यांनी. आणि फोन केला नाही. दिवसातून दहादा करणारा माणूस, आज एकही नाही! मला आपलं वाटलं, कामात असतील, सुटले आज. सातलाच निघाले असतील तर... किती वाजले? बारा? पुण्याहून पाच तास लागतात.

नको दादा, मासे नकोत आता. उठा. पिशवी घ्या तुमची. गाडी लागली खाली — गॅलरीत जाऊ नका! निघा तुम्ही, जिन्यात भेटले तर नमस्कार करा आणि थांबू नका. आणि हे दार ओढून घेऊ नका, सताड उघडं राहू द्या. जाता जाता छायाताईंची बेल वाजवा — म्हणावं, मंजुषाने सांगितलंय, दार उघडून बसा.