पोदुम

भव्या : अप्पा, पुन्हा तेच! नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून जयंतीबाईंचा फोन होता. साठांतल्या वीस डब्यांची झाकणं वाटेत उघडली. पिशवीत सांबार आणि पायसम एक झालं.

दत्ताजी : पायसम बरं झालं होतं का, ते विचारलंस?

भव्या : अप्पा! डब्याला आतून रेघ आहे. रेघेपर्यंतच भरायचं, किती वेळा सांगितलं.

दत्ताजी : चाळीस वर्षं लग्नांत वाढलं, पोरी. माणूस पानावर हात आडवा धरतो, ‘पोदुम, पोदुम’, पुरे झालं म्हणतो, तेव्हा माझी पळी थांबते. हा डबा मेला काही बोलतच नाही.

भव्या : आता कुठं राहिली तसली लग्नं? कोविडात दीड वर्ष चूल थंड होती, ती ह्या डब्यांनीच पेटली ना?

दत्ताजी : तू पेटवलीस. मी कुठं नाही म्हणतो? अभिमानच आहे मला. पण जेवणाऱ्याचं तोंड दिसेना, तर माझं मन लागेना. सोमवारपासून डबे भरायला आपल्या हाताखालच्या सुब्बाला उभं कर. त्याचा हात रेघेवर थांबतो. ही घे पळी.

भव्या : ठेवा ती खाली. आधी माझं पुरतं ऐका. बाई चिडल्या होत्या. मी म्हटलं, माफ करा, डब्यातून अप्पांना कोणी ‘पोदुम’ म्हणत नाही, म्हणून त्यांना थांबता येत नाही.

दत्ताजी : अय्यो! असं सांगितलंस? ऑर्डर गेली म्हण की.

भव्या : मलाही तसंच वाटलं. पण बाईंचा आवाज निवळला. मग म्हणाल्या, कोविडनंतर आमची माणसं आठवड्यात तीनच दिवस येतात, आणि आली की आपापल्या कॉम्प्युटरपुढं डबा उघडून बसतात. ‘थोडं अजून घे’ असं कोणी कोणाला शेवटचं कधी म्हटलं, आठवतसुद्धा नाही.

दत्ताजी : (पळी पुसत) मग?

भव्या : मंगळवारी डबे नकोत म्हणाल्या. हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवणार आहेत. साठ केळीची पानं. आणि वाढायला सुब्बा नको, तुम्हीच हवेत.

दत्ताजी : पितळेची बादली कुठं ठेवलीस?

भव्या : माळ्यावर आहे, घासून ठेवते. पण अप्पा, त्यांतली अर्धी पोरं दिल्ली-पाटण्याकडची. त्यांना तमिळ येत नाही, ‘पोदुम’ म्हणायचं ठाऊक नाही.

दत्ताजी : सरी, बरंच झालं. शिकेपर्यंत वाढत राहीन.