दोन भोवऱ्यांची घोडी

“कपाळावर दोन भोवरे आहेत, पाडते ही! आमचा पोट्टा हिच्यावर बसणार नाही म्हणजे नाही!” तेलीबांधा तलावाच्या रस्त्यावर नवरदेवाचे काका गरजत होते. तिकडे मांडवात माझी नात हार घेऊन ताटकळलेली, मुहूर्त टळत आलेला. म्हणून वरात आणायला मीच गेले होते.

“भोवरे काय पाहता भैया, कान पाहा,” मी म्हटलं. “कान सैल, खालचा ओठ लोंबलेला. गरीब जनावर आहे हे.”

“कोणत्या शाळेत शिकल्या हे, आजी?”

“शाळेत गेली असती तर गाढवंच पाहिली असती! आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, घरोघरी टांगे होते.”

घोडी मात्र अर्धवट डोळे मिटून उभी. तिच्या डोळ्यांत तलावाकाठचे दिवे हळूहळू हलत होते. बघता बघता मी भांडणच विसरले. वाटलं, ही उभ्या उभ्या कुठल्याशा हिरव्या कुरणात पोचली आहे आणि सोबत मलाही नेते आहे.

तेवढ्यात घाम पुसायला नवरदेवानं फेटा काढला, मान वाकवली, आणि मी जागी झाले. त्याच्या डोक्यावरही दोन भोवरे!

काकांच्या कानाशी जाऊन मी हळूच म्हटलं, “दोन भोवऱ्यांचा माणूस दोन लग्नं करते म्हणतात; मग घोडीसोबत नवरदेवालेही वापस पाठवू का?”